आबा तोडणकरांचा अंगठा

आबा तोडणकरांना कुठेही न्या, ते आधी अंगठ्याचं नख लावून बघायचे. दवाखान्याची खिडकी असो, बँकेचा दरवाजा असो, नाहीतर कोणाच्या घरचं फाटक. बोलता बोलता त्यांचा उजवा हात हळूच पुढे सरकायचा, नख रंगाच्या कडेखाली शिरायचं आणि पुढच्या क्षणी रंगाचा पापुद्रा त्यांच्या तळहातावर असायचा. तो उलटा करून उजेडात धरायचा, त्याची पाठ नीट बघायची आणि एकच शब्द उच्चारायचा, "सोलपाटतलो." म्हणजे, हा रंग सोलपटणार. जो रंग सोलपटून आधीच हातात आलाय त्याचं भविष्य सांगायची काय गरज, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि चहा मागवला.

माझं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये झालं. आबा तेव्हा माझे साहेब, म्हणून मानाने पहिल्या रांगेत. पांढराशुभ्र शर्ट, मिशांना ताजा कलप, डाव्या मुठीत अक्षता. उजवा हात मात्र शेजारच्या लोखंडी खांबावर रमलेला. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्या खांबाच्या सोनेरी रंगाची चांगली वीतभर पट्टी उतरली होती. हॉलचा मॅनेजर धावत आला. आबांनी ती पट्टी त्याच्या हातात ठेवली आणि मायेने म्हणाले, "आज मी काढली म्हणून बरं. उद्या पंक्तीत कोणाच्या ताटात पडली असती तर?" आमच्या लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाट दूर होतो तेव्हा सगळं जग आमच्याकडे बघतंय आणि एकटे आबा खांबाकडे. माझा नवरा अजूनही तो भाग थांबवून थांबवून पाहुण्यांना दाखवतो.

आबांचं यार्ड कॉटन ग्रीनला होतं, जुन्या गोदामांच्या पाठीमागे. एक मोठी पत्र्याची शेड, कोपऱ्यात ऑफिस नावाची खोली आणि दिवसभर धडधडणारा एक कॉम्प्रेसर. त्याला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. तिथे फाटकं यायची, पाइप यायचे, पाण्याच्या टाक्या यायच्या. सगळं गंजलेलं, जुन्या रंगाचे थर चढलेलं. हवेच्या जोरावर त्यावर ग्रिटचा, म्हणजे बारीक, धारदार कणांचा मारा करायचा, हेच ब्लास्टिंग. गंज जातो, जुना रंग जातो आणि खाली स्वच्छ राखाडी लोखंड उघडं पडतं. लांबून ते मखमलीसारखं दिसतं, पण बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. या धंद्यात सगळं महत्त्व त्या खरखरीला. बारीक बारीक खड्डे आणि सुळके असतील तरच रंग त्यात रुतून बसतो. आबांच्या भाषेत, "रंगाक पाय टेकवूक जागा व्हयी. नायतर तो उभो कसो रवतलो?"

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि ओळखीने या यार्डात मुलाखतीला गेले होते. आबांनी टेबलावर लोखंडाचे दोन तुकडे ठेवले. एक घासून आरशासारखा चकचकीत केलेला, दुसरा ब्लास्ट केलेला, राखाडी. "रंग कशावर टिकेल?" मी राखाडी तुकड्यावर बोट ठेवलं. आबांचा चेहरा पडला. येणारा प्रत्येक जण चकचकीत तुकडा उचलतो आणि मग त्यांना समजावून सांगता येतं, असा इतक्या वर्षांचा शिरस्ता मी मोडला होता. त्यांनी दोन्ही तुकडे पुन्हा जवळ ओढले. मग म्हणाले, "बरोबर सांगितलंस. तरी पण ऐक." आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत मला ते सगळं समजावून सांगितलं. नोकरी मिळाली हे मला घरी गेल्यावर त्यांच्या फोनवरून कळलं.

माझं काम होतं ती खरखर मोजायचं. त्यासाठी एक चिकट टेप मिळते. तिच्या मधोमध पांढऱ्या फेसाचा ठिपका असतो. तो ठिपका लोखंडावर दाबून घासला की खालच्या सगळ्या खड्ड्यासुळक्यांचा ठसा त्यात उमटतो आणि मग गेजमध्ये धरून त्याची उंची वाचायची. आम्हाला साधारण केसाच्या जाडीइतकी खरखर हवी असायची. कमी झाली तर रंग धरत नाही आणि जास्त झाली तर सुळके रंगाच्या वर डोकं काढतात, नेमके तिथेच गंज धरतो. लोकांना वाटायचं, आबा नखावरून सगळं ओळखतात, मग ही टेपवाली मुलगी कशाला. पण आबांचं तसं नव्हतं. एकदा परळच्या एका कामाचं रेलिंग त्यांनी अंगठा फिरवून "झकास" म्हणून पास केलं. माझी टेप म्हणाली, फार खरखरीत आहे. नवीन ग्रिट जाडं आलं होतं. त्यांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी टेप लावायला लावली, आपल्या अंगठ्याकडे बघितलं आणि तो खिशात घातला. बारीक ग्रिट मारून सगळं रेलिंग पुन्हा केलं. त्यानंतर यार्डात कोणी अंगठ्याचं कौतुक करायला लागलं की ते स्वतःच म्हणायचे, "अंगठो फसता. टेप फसना नाय."

हा माणूस धुळीच्या धंद्यात रोज पांढरा शर्ट घालायचा. संध्याकाळपर्यंत तो पांढराच असायचा, ही यार्डातली एकमेव गोष्ट जी मला शास्त्राने कधीच समजली नाही. चहाच्या कपावर नेहमी बशी पालथी. ओरडायचे तर असे की म्हातारी पण दबून चालायची. पण मे महिन्यात गावाहून आले की माझ्या टेबलावर न बोलता ओल्या काजूगरांची पुडी यायची. बायको लवकर गेली, मुलगा परदेशी. लालबागला एकटे राहायचे, स्वतः मासे रांधायचे आणि स्वतःच वाखाणायचे. ब्लास्ट केलेल्या लोखंडाला कोणी हात लावला तर मात्र त्यांच्यातला प्रेमळ माणूस कुठल्या कुठे जायचा. कारण हाताला घाम असतो, घामात मीठ असतं आणि उघड्या लोखंडाला मुंबईच्या हवेत तेवढं निमित्त पुरतं. शेडच्या दारावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'बघा. हात लावू नका.' खाली लाल रंगात, 'देव असलात तरी.'

आता माझ्या मंदाआत्याबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय आबा पुरे होत नाहीत. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, तेव्हा फणसवाडीतल्या चाळीत तिनेच मला वाढवलं. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आवाज असा खणखणीत की दुसऱ्या मजल्यावरून तिने हाक मारली तर वाडीच्या तोंडाशी असलेला भाजीवाला "आलो, आलो" म्हणायचा. चाळीच्या गणपतीची पहिली आरती तीच सुरू करायची, तिच्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. उजव्या हाताची करंगळी लहानपणी पडून वाकडी झाली होती. कुणाला दटावताना बोट वर केलं की करंगळी भलतीकडेच बघायची आणि निम्मा दरारा तिथेच जायचा.

चाळीला दोन जिने. पुढचा लाकडी, शिडीसारखा उभा. मागचा लोखंडी, ऐसपैस, दोन्ही बाजूंना कठडे, अंगणात उतरणारा. गुडघे गेल्यापासून आत्याला मागच्या जिन्याशिवाय जमत नव्हतं. वरच्या टोकाला रुंद चौक होता. संध्याकाळी ती तिथे बसून भाजी निवडायची आणि सगळ्या वाडीवर लक्ष ठेवायची. एके दिवशी त्या जिन्याची एक पायरी गंजून खाली पडली. कोणाला लागलं नाही, पण जिना बंद झाला. चाळीचे सेक्रेटरी म्हणाले, तारेचा ब्रश मारू, दोन पायऱ्या बदलू, काळा रंग देऊ. मी आबांना घेऊन गेले. त्यांनी कठड्याला नख लावलं. काळा निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली पुन्हा काळा.

"ह्येच्यात लोखंड किती नि रंग किती, ता देवाक म्हायत," आबा म्हणाले. "जिनो उतरवा. यार्डात न्हेऊया. कुजलेले भाग बदलू, ब्लास्ट करू, रंगवू आणि परत बसवू."

"म्हणजे किती दिवस?" आत्या वरून म्हणाली.

आबांनी वर बघितलं. आत्याशी बोलताना ते एकदम शुद्ध बोलायला लागायचे, त्याची ही सुरुवात. "आपण काळजी करू नये. चतुर्थीच्या आत आपला जिना आपल्या दारी उभा असेल."

जिना उतरवला आणि आत्या माझ्याकडे लालबागला आली. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. मी म्हटलं, चार महिने आराम कर. ती आली ती एका पिशवीत दोन साड्या, पोथी आणि स्वतःचा पाट घेऊन. पहिल्याच दिवशी खालच्या गिरणीत मिरची कुटायला घेतली तेव्हा शिंकांनी बेजार झाली. "तुमच्या लालबागेत श्वास पण तिखट लागतो गं," म्हणाली. पण खरी गोष्ट तिने मला एका दुपारी सांगितली. चाळीतली कितीतरी म्हातारी माणसं 'गुडघे बरे होईपर्यंत', 'मोतीबिंदूचं होईपर्यंत' म्हणून मुलांकडे बोरिवली-डोंबिवलीला गेली होती. एकही परत आलं नाही. त्यांच्या खोल्यांना कुलपं. "तू चांगली आहेस, जावई चांगला आहे. म्हणूनच भीती वाटते," ती म्हणाली. "इथे रुळले की संपलं. चतुर्थीला मी माझ्या घरी पाहिजे, चित्रा. ह्या वर्षी नाही गेले तर कधीच जायची नाही." मला रागही आला आणि ते खरं आहे हेही कळलं.

घरी करमेना म्हणून ती माझ्याबरोबर यार्डात येऊ लागली. आपला पाट टाकून शेडच्या दाराशी बसायची. आबांशी तिचं रोजचं भांडण. ती म्हणायची, "अहो तोडणकर, पत्र्याच्या शेडीत पांढरे कपडे घालून कुणाला दाखवायचंय?" आबा म्हणायचे, "आत्याबाई, आपल्यासारखी मंडळी येतात, मान ठेवावा लागतो." मग दोघं चहा प्यायची, आबा बशी पालथी घालून, आत्या न घालता. तिच्या चहात ग्रिट पडायचं आणि आबा स्वतःचा कप तिच्यापुढे सरकवायचे. यात आणखी काही होतं का, असं मला चाळीतल्या बायका विचारायच्या. मला माहीत नाही. दोन माणसांना रोज भांडायला कोणीतरी मिळालं होतं, एवढं मी बघितलं.

कुजलेले भाग बदलायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि श्रावण आला. श्रावणात ब्लास्टिंग म्हणजे हवेशी भांडण. हवा दमट असेल तर उघडं केलेलं लोखंड डोळ्यांदेखत तांबूस होतं. कोरडी उघडीप मिळाली पाहिजे आणि ब्लास्ट केल्यावर काही तासांत प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लागला पाहिजे. आबा रोज सकाळी हवेतली आर्द्रता बघायचे आणि मान हलवायचे. चतुर्थी जवळ येत होती. आत्याने पिशवी भरायला सुरुवात केली होती, ते बघून मला धडकी भरायची.

एका रविवारी लख्ख ऊन पडलं. नौशाद, आमचा ब्लास्टर, उजाडताच कामाला लागला आणि दुपारपर्यंत सगळा जिना राखाडी, स्वच्छ, टेकूच्या घोड्यांवर मांडून ठेवला. मी टेप लावून मोजलं, सगळं बरोबर होतं. आबा दाराशी उभे राहून बघत होते. मग प्रायमरचा डबा उघडला तर दुकानदाराने भलताच पाठवलेला. आबा मला घेऊन तो बदलायला निघाले, कारण दुकानात डब्यावरचं इंग्रजी वाचून घ्यायला त्यांना मी हवी होते. नौशादला सांगितलं, कोणाला आत सोडू नको.

आत्या दाराशी बसलेली होती. आपला जिना इतका सुंदर तिने जन्मात बघितला नव्हता. आणि ती टेलिफोन ऑपरेटर होती. तिने चाळीतल्या एकेका घरी फोन लावला, "या गं, जिना बघायला या." बायका टॅक्सी करून आल्या, सोबत पोरं, सोबत पूजेचं ताट. आपल्या दारची पायरी घरी यायच्या आधी पुजली नाही असं कसं चालेल? त्यांनी पायऱ्यांना हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं. आणि मग प्रत्येकीने हात लावला. इथे मी पापड वाळत घालायची, इथे माझा बंड्या पडला होता, असं म्हणत एकेका पायरीवरून, कठड्यावरून मायेने हात फिरवले. नौशादला प्रसाद दिला. तो नंतर म्हणाला, "मॅडम, पूजा चल रही थी. मैं क्या बोलता?"

आम्ही परत आलो तेव्हा बायका नुकत्याच गेल्या होत्या. आबा शेडच्या दारात थांबले. कुंकू, फुलं, खोबऱ्याचे तुकडे. मी डोळे मिटून ओरड्याची वाट बघत राहिले. ओरडा आला नाही. आबांनी चपला काढल्या, आत गेले, पुजलेल्या पायरीला नमस्कार केला. "देवाचा काम झाला," म्हणाले. "आता आमचा." आणि एका बाकावर बसले. त्यांचा चेहरा असा होता की आत्याने पहिल्यांदाच त्यांना काही टोमणा मारला नाही.

ऊन गेलं, हवा जड झाली आणि संध्याकाळपर्यंत लोखंडावर ते हात वर आले. एक एक करून, नारिंगी. लहान पोरांचे, मोठ्या बायकांचे, पसरलेले, सरकलेले. सगळी चाळ त्या जिन्यावर उमटली होती. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण असं काही बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते फार सुंदर वाटलं. वरच्या चौकाची प्लेट पालथी ठेवली होती. तिच्या खालच्या अंगावर, मधोमध, एकच हात होता. पूर्ण, दाबून ठेवलेला. त्याची करंगळी वाकडी होती.

"हा माझा," आत्या हळूच म्हणाली.

"दिसता माका," आबा म्हणाले. शुद्ध भाषा संपली होती. "सगळा परत ब्लास्ट करूचा लागतला. आता उघडीप कधी गावतली, कोणाक म्हायत."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याच हाताने आपली चतुर्थी घालवली हे तिला कळलं होतं. तिने पदराने नाक पुसलं आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सगळं करा. पण माझा हात तेवढा राहू दे. तेवढ्याने काय होतंय?"

"तेवढ्यानंच होता! वर रंग लावलो तरी आत मीठ रवता. चार-पाच वर्षांनी फोड येतले आणि तुमचो हात रंगातून वर येतलो."

"येऊ दे की. तोवर मी नसेन. कुणाला तरी दिसेल, मंदा इथे बसायची म्हणून."

"माझ्या कामात असली थेरां चालणत नाय, आत्याबाई!" आबा इतक्या जोरात ओरडले की बाहेर नौशाद उभा राहिला. आत्याने पाट उचलला आणि ती माझ्याबरोबर घरी आली. रात्री जेवली नाही.

मग उघडीप येईना. आबा दिवस दिवस शेडच्या दारात आभाळाकडे बघत बसायचे. आत्या यार्डात यायची थांबली. घरी तिने भरलेली पिशवी एकदा सोडली आणि साड्या कपाटात ठेवल्या. चतुर्थीला आठवडाभर उरला असताना एका सकाळी आबांचा फोन आला, "ये गो लवकर, वारो सुकलो." नौशादने पुन्हा सगळा जिना ब्लास्ट केला. मी टेप घेऊन एकेका पायरीपाशी गेले. चौकाच्या प्लेटपाशी आले तर आबा तिथे ब्रश घेऊन उभे, तिला प्रायमर लावून झालेला. "ही मी बघितलीय," म्हणाले. "पुढे जा." आबा स्वतः ब्रश धरत नसत. मला वाटलं, घाई आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी जिना चाळीला लागला. आत्या एकेक पायरी चढत वर गेली, आपल्या दाराचं कुलूप उघडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जिन्याने खाली उतरून अंगणात आरतीला उभी राहिली. तिचा आवाज वाडीच्या तोंडापर्यंत गेला. आबा मागे, पांढऱ्या शर्टात, टाळ्या वाजवत. आपण केलेल्या कामावर कोणीतरी पाय देऊन घरी आलंय, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

त्यानंतर दर वर्षी गणपतीला आबा फणसवाडीत यायचे. दर्शन घ्यायचे, मग मागच्या जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत चढायचे. तिथे उभं राहिलं की वरचा चौक डोक्यावर येतो. हात वर करून ते त्याच्या खालच्या अंगाला लावायचे. वरून आत्या विचारायची, "काय हो तोडणकर, आला का?" आबा म्हणायचे, "अजून नाय, आत्याबाई." "मग चहा घ्या." मला वाटायचं, गंजाबद्दल चाललंय. फक्त एक गोष्ट मला खटकायची. जगात सगळीकडे नख लावणारा हा माणूस इथे नख लावत नव्हता. सगळा तळहात टेकवायचा.

आत्या गेली ती आपल्या घरी, दुपारच्या झोपेत. तिला त्याच जिन्याने खाली आणलं. आबा पुढे, कठड्याला धरून, खांदेकऱ्यांना पायऱ्या सांगत. त्या वर्षीच्या गणपतीतही ते आले. वरून विचारायला कोणी नव्हतं. त्यांनी हात वर केला, बराच वेळ तसाच ठेवला आणि स्वतःशीच म्हणाले, "अजून नाय." चहा न घेता गेले.

पुढे त्यांच्या छातीने त्रास द्यायला सुरुवात केली. हॉस्पिटलमध्ये मी रोज जायचे. खाटेच्या दांड्याचा रंग त्यांनी नखाने खरवडून काढला होता आणि नर्स चिडली होती. शेवटच्या दिवसांत आवाज उरला नव्हता. एकदा मला जवळ बोलावलं. "चतुर्थीक फणसवाडीत जा. वरच्या चौकाखाली बघ."

मी म्हटलं, "गंज आला तर लगेच दुरुस्त करून घेते, आबा."

त्यांनी मान हलवली. नाही. "बघ नुसता," म्हणाले. आणि माझा हात हातात घेऊन अंगठा माझ्या तळव्यावरून फिरवला. शेवटपर्यंत त्यांचा अंगठा खरखरीत होता. दोन दिवसांनी ते गेले. यार्ड आता मी आणि नौशाद चालवतो. म्हातारी अजून आहे.

यंदा चतुर्थीला मी गेले. आरती झाली, कोणीतरी तरुण मुलगी सुरुवात करते आता. मी मधल्या पायरीवर चढले आणि वर बघितलं. इतक्या वर्षांत त्या जिन्यावर कुठेही रंगाचा टवका उडालेला नाही. फक्त चौकाच्या खाली, मधोमध, रंगाला बारीक बारीक फोड आले होते, कडांना तपकिरी. तळवा, चार बोटं, अंगठा. करंगळी वाकडी.

मी तिथूनच नौशादला फोन लावला. त्याने आधी मला काय दिसतंय ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आबा ने बोला था किसी को बताना नहीं. ब्लास्टिंग के टाइम उस हाथ के ऊपर खुद रबर पकड़ के खड़े थे. बोले, इतना छोड़ दे. बाकी पूरा मार."

आयुष्यभर ज्या माणसाने एक ओला हात माफ केला नाही, त्याने हा एक हात रबराखाली झाकून धरला होता. आणि मग दर वर्षी तो येईपर्यंत वाट बघितली होती. त्या पायरीवर उभी राहून मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

खालून सेक्रेटरी ओरडले, "काय झालं चित्रा? गंज आलाय का तिथे? खरवडून रंग मारून द्याल?"

मी हात वर केला आणि तळवा त्या फोडांवर टेकवला.

"नको," मी म्हटलं. "आत्या आल्येय."